आघाताआधीची मान : प्रस्तावना

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात सकाळच्या प्रहरी जो कोणी घटकाभर स्वस्थ उभा राहिला असेल, त्याने एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली असेल, पण बहुधा मनात तिची नोंद केली नसेल. माथाडी गडी डोक्यावर चुंबळ ठेवतो, पाय अंतर देऊन रोवतो, हनुवटी किंचित आत ओढतो, आणि वीस-वीस किलोंचे दोन क्रेट माथ्यावर येऊन टेकण्याच्या नेमक्या आधीच्या क्षणी श्वास कोंडून मान आवळतो. कानामागून गळ्याच्या हाडाकडे उतरणारे त्याचे दोन स्नायू त्या क्षणी ताणलेल्या कासऱ्यासारखे उठून दिसतात. ओझे टेकते, मान तसूभरही हलत नाही, आणि गडी चालू लागतो. ओझे टेकल्यानंतर मान आवळू पाहणारा गडी त्या धंद्यात फार दिवस टिकत नाही, हे तेथील कोणताही जुना मुकादम सांगेल. मात्र त्या अर्ध्या क्षणाच्या आगाऊ तयारीत मानवी देहाच्या संरक्षणशास्त्राचे एक मोठे सूत्र दडलेले आहे, असे त्याला वा आपल्याला सहसा वाटत नाही.

प्रस्तुत पुस्तकाचा विषय ते सूत्र हाच आहे. अकस्मात बसलेल्या धक्क्यात, हिसक्यात किंवा पडझडीत मानेचे स्नायू मस्तकाचे आणि मस्तकातील मेंदूचे रक्षण कितपत करतात, कसे करतात, आणि कोठे त्यांचा इलाज चालत नाही, याचा विचार मराठीत सलगपणे मांडलेला माझ्या पाहण्यात नाही. वैद्यकाच्या ग्रंथांत मान येते ती दुखू लागल्यावर. व्यायामाच्या पुस्तकांत येते ती दंड-बैठकांच्या शेवटी, उरलेल्या दोन ओळींत. ज्या अवयवावर आपले सर्व ज्ञान, स्मृती आणि वाणी तोललेली आहे, त्याच्या वाट्याला आलेली ही उपेक्षा दूर व्हावी, या एकाच इच्छेने ग्रंथकारांनी हे लेखन केले आहे. आणि ते जुन्नर-आंबेगावच्या मुलखात झाले, यालाही कारण आहे.

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेचे हे दोन तालुके. पश्चिमेला नाणेघाट आणि भीमाशंकर यांच्यामधला सह्याद्रीचा कणा. पूर्वेला कुकडी, मीना आणि घोड यांच्या पाण्यावर पोसलेला ऊस, कांदा, बटाटा आणि टोमॅटो. पश्चिमेकडील आदिवासी वाड्यांत अजूनही लाकडाची मोळी आणि पाण्याचा हंडा बाईच्या डोक्यावरून घरी येतो, आणि हिरड्याच्या हंगामात माणसे उंच फांद्यांवर चढतात, क्वचित पडतात. पूर्वेकडील गावांत चैत्र-वैशाखात यात्रा भरल्या की सकाळी बैलगाड्यांच्या शर्यतींचा घाट आणि तिसऱ्या प्रहरी कुस्त्यांचा आखाडा, हा पिढ्यान्पिढ्यांचा शिरस्ता. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने शर्यतींवर बंदी येऊन घाट ओस पडले, १६ डिसेंबर २०२१ च्या आदेशाने ते पुन्हा गजबजले, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरल्यावर गाडामालकांच्या मनातील उरलासुरला संदेह फिटला. आंबेगाव तालुक्यातील नागापूरच्या थापलिंग खंडोबाला पौष पौर्णिमेस गाडे पळतात, तेव्हा घाटाच्या दोन्ही अंगांना दाटलेल्या गर्दीत किती मस्तके किती थोड्या अंतरावरून जीवघेण्या वेगाला चाटून जातात, हे ज्याने पाहिले आहे त्याला या विषयाचे महत्त्व पटवून देण्यासाठी दुसऱ्या दाखल्याची गरज नाही.

आता मूळ गोष्टीकडे वळू. प्रौढ माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलो भरते. हा भार सात मणक्यांच्या बारीक, लवचिक दांड्यावर उभा आहे, आणि त्याचा गुरुत्वमध्य कवटी व पहिला मणका यांच्या सांध्याच्या थोडा पुढे पडतो, म्हणूनच एस. टी.त डुलकी लागली की मान पुढे पडते. अर्थात जागेपणी मानेमागचे स्नायू अविरत पहाऱ्यावर असतात. कवटी आणि पहिला मणका यांच्यामधल्या सांध्यात प्रामुख्याने होकाराची हालचाल होते. पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यांमधल्या सांध्यात नकाराची, आणि मान वळवण्याच्या एकंदर पल्ल्यापैकी सुमारे निम्मा पल्ला या एकट्या सांध्याचा असतो. इतकी मोकळीक निसर्गाने दिली ती चहूकडे पाहता यावे म्हणून. तिची किंमत ही की, हाडांच्या ठेवणीत जो पक्केपणा नाही तो स्नायूंना पुरवावा लागतो.

हे स्नायू थरांनी रचलेले आहेत. सर्वांत वर, कवटीच्या मागील कडेपासून खांद्याच्या टोकापर्यंत आणि पाठीच्या मध्याच्याही खाली पसरलेला ट्रॅपेझियस. पैलवानाच्या मानेला जो उतरत्या छपरासारखा आकार येतो तो याच्यामुळे. पुढून दोन बाजूंना, कानामागच्या उंचवट्यापासून छातीच्या व गळ्याच्या हाडांवर उतरणारा स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड. माथाड्याच्या मानेवर आपण पाहिला तो हाच. त्यांच्याखाली डोके मागे खेचून धरणारे जाड पट्टे, घशाच्या मागे मणक्यांना बिलगलेले लांबट स्नायू, आणि अगदी तळाशी, कवटीच्या बुडाशी, चार लहानशा स्नायूंच्या जोड्या. या शेवटच्या स्नायूंत ताण ओळखणारी संवेदनेंद्रिये विलक्षण दाट असतात. जोर करणे हे त्यांचे मुख्य काम नव्हे. डोके कोठे आहे आणि कोणीकडे चालले आहे याची क्षणोक्षणीची खबर मेंदूला पोचवणारे ते जासूद होत. मानेच्या बळाविषयी बोलताना लोक वरच्या जाड थराकडे पाहतात; पण जासूद झोपले तर वरची फौज वेळेवर उभी राहत नाही.

मेंदूला इजा कशी होते, हे समजून घेतल्यावाचून मान काय राखते हे समजणार नाही. कवटी फुटणे ही एक गोष्ट; कवटी अभंग राहून आत मुका मार बसणे ही दुसरी. दह्याने भरलेले गाडगे हातात धरून सरळ पुढे सरकवले तर दही बहुतेक जसेच्या तसे राहते. तेच गाडगे झटक्यासरशी गर्रकन फिरवले तर दही कडेपासून सुटते आणि आतल्या आत चिरा पडतात. मेंदूचे द्रव्य असेच आहे: दाबाला ते सहसा नमत नाही, पण पिळवटले गेले की त्यातील सूक्ष्म तंतू ताणले जातात. मग भोवळ, डोळ्यांपुढे काजवे, आठवणीतील खंड, आणि कधी कधी पुढे दिवसेंदिवस टिकणारी डोकेदुखी व चिडचिड. म्हणून मस्तकाला टोला किती जोराचा बसला याइतकेच, टोल्यानंतर मस्तक किती वेगाने आणि किती फिरले याला महत्त्व आहे.

मानेचे कार्य येथे सुरू होते. जमिनीवर नुसती उभी केलेली मेख बोटाच्या धक्क्याने आडवी होते. ठोकून रोवलेली मेख तोच धक्का जमिनीच्या हवाली करते. आवळलेली मान मस्तकाला धडाशी जोडते, त्यामुळे धक्का एकट्या पाच किलोंवर न पडता त्यात खांदे आणि छाती वाटेकरी होतात आणि मस्तकाला मिळणारा वेग कमी होतो. त्याचप्रमाणे, टोला डोक्याला न लागता धडाला लागला, जसा मागून वाहन आदळले असता लागतो, तर धड पुढे जाते, डोके मागे राहते आणि मग चाबकाच्या टोकासारखे फिरते. हे फिरणे आवरण्याचे कामही मानेचेच.

परंतु येथेच काळाचा प्रश्न उभा राहतो. कठीण वस्तूचा मस्तकावरील आघात बहुधा दहा-वीस सहस्रांश सेकंदात संपतो. मानेचे स्नायू प्रतिक्षिप्तपणे जागे होण्यास पन्नास ते ऐंशी सहस्रांश सेकंद लागतात, आणि त्यांचा जोर भरीस येण्यास आणखी तितकाच अवधी. म्हणजे आघाताने जागी होणारी मान आघात होऊन गेल्यावर दारात येते. रक्षण करते ती आधीच आवळलेली मान. सबंध विषयाचा निचोड एका वाक्यात सांगायचा झाला तर तो हा: मानेचे बळ ही शिल्लक आहे, आणि ती वेळेवर हाती यावी याची तजवीज आघाताआधीच करावी लागते.

या विषयाचा इतिहास दोन वेगळ्या वाटांनी आलेला आहे. पहिली वाट आपल्या घरची. सुश्रुताने देहातील एकशे सात मर्मे सांगितली, त्यांपैकी सदतीस गळ्याच्या हाडाच्या वरच्या भागात. आणि डोके व मान यांच्या सांध्यावरील कृकाटिका नामक दोन मर्मांना इजा झाली असता डोके स्थिर राहत नाही, ते कापू लागते, असे त्याने नोंदले आहे. हा केवळ शवाचा अभ्यास नव्हे. युद्धात आणि मल्लशाळेत जखमी झालेली माणसे पाहिलेल्या वैद्याची ती नजर आहे. कल्याणीच्या चालुक्य नृपती सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त मल्लविनोदाचे प्रकरण आहे आणि त्यात मल्लांच्या श्रमाचा तपशील येतो. उत्तर हिंदुस्थानातील आखाड्यांत गळ्यात दगडी कडे घालून बैठका मारण्याची चाल होती. महाराष्ट्रात तांबड्या मातीच्या हौद्याने हीच विद्या आपल्या पद्धतीने जोपासली, आणि बडोद्याचे द. चिं. मुजुमदार यांनी १९३६ पासून खंडशः प्रसिद्ध केलेल्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’च्या दहा खंडांनी तिला ग्रंथरूप दिले.

तालमीत ही विद्या कशी मुरते ते जवळून पाहण्यासारखे आहे. आंबेगाव तालुक्यातील एका गावच्या तालमीत मी पहाटे बसलो होतो. चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा हौद्याच्या कडेला उभा होता आणि वस्ताद आपला तळवा त्याच्या कपाळावर, मग कानशिलावर, मग डोक्यामागे असा आलटून पालटून दाबीत होते. मुलाने डोके हलू द्यायचे नाही, एवढाच हुकूम. प्रत्येक दाब दहा आकड्यांचा. थोड्या वेळाने वस्तादांनी आकडे मोजणे सोडले आणि मुलाशी त्याच्या शाळेविषयी गप्पा सुरू केल्या. आणि बोलता बोलता, कोणतीही सूचना न देता, तळवा एकदम कानशिलावर आणला. मुलाचे डोके पहिल्या वेळी डोलले, दुसऱ्या वेळी कमी डोलले, सहाव्या-सातव्या वेळी जागच्या जागी राहिले. “बळ म्हशीलाही असतं,” वस्ताद मला म्हणाले, “पैलवानाची मान जागी असावी लागते.” खडाखडीत प्रतिस्पर्ध्याचा हात मानेवर पडण्याच्या आधी त्याच्या खांद्याची हालचाल ओळखून मान आवळणे, हे जे आखाड्यात शिकवले जाते, तेच या विषयाचे सार आहे.

दुसरी वाट परदेशातील प्रयोगशाळांची, आणि तिला वेग आला तो दुसऱ्या महायुद्धात. १९३५ साली मोटारसायकलच्या अपघातात मृत्यू पावलेल्या टी. ई. लॉरेन्सवर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्झ हे तरुण शल्यविशारद होते. त्यांनी १९४१ साली लष्करी मोटारसायकलस्वारांच्या मस्तकाच्या दुखापतींचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने निरोप्या स्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. त्याच वर्षी डेनी-ब्राउन आणि रसेल यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले की, डोके मोकळे असता ज्या टोल्याने शुद्ध हरपते, तेवढ्याच टोल्याने डोके जखडून धरले असता ती सहसा हरपत नाही. १९४३ साली ऑक्सफर्डचे पदार्थवैज्ञानिक हॉलबर्न यांनी जिलेटिनचा मेंदू करून फिरकीचा आघातच अधिक घातक असतो, हे प्रतिपादिले. आधुनिक शास्त्राचा पाया म्हणतात तो या दोन शोधांवर रचलेला आहे. आणि मान जखडण्याचे जे काम प्रयोगशाळेत शिकंज्याने केले, ते देहात स्नायू करतात, हा पुढचा विचार त्यातूनच निघाला.

त्यानंतरच्या काळात या क्षेत्रात जे पंथ पडले, त्यांचा परिचय नवख्या वाचकाला असणे इष्ट आहे. एक पंथ बळवाद्यांचा. अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या ६,७०४ खेळाडूंची मान मोजून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, मानेच्या जोरात एका पौंडाची वाढ झाली की मेंदूला मुका मार बसण्याची शक्यता पाच टक्क्यांनी घटते. दुसरा पंथ संशयवाद्यांचा. फुटबॉल खेळाडूंना आठ आठवडे मानेचा व्यायाम देऊन २००५ साली केलेल्या परीक्षणात मानेचा जोर वाढला, परंतु धक्क्यात डोक्याला मिळणारा वेग घटला नाही. आणि २०११ साली किशोरवयीन आइस हॉकीपटूंच्या अभ्यासात मजबूत मानेच्या मुलांना बसणारे धक्के सौम्य आढळले नाहीत. तिसरा पंथ सावधतेचा. २०१४ सालच्याच एका प्रयोगात मजबूत मान आणि धक्क्याआधी आवळलेली मान, या दोन्हींमुळे डोक्याची हालचाल कमी होते असे दिसले. मला हा तिसरा पंथ पहिल्या दोहोंमधील तंटा मिटवणारा वाटतो. बळवाद्यांनी मोजली ती शिल्लक. संशयवाद्यांनी दाखवले की शिल्लक असूनही ती ऐन वेळी हाती येईलच असे नाही. दोघेही खरे आहेत, आणि नारायणगावचा माथाडी त्या दोघांच्या मधोमध उभा आहे.

चौथा पंथ बाह्य साधनांचा. शिरस्त्राण, मोटारीतील डोक्यामागची गादी, आणि शर्यतीच्या मोटारींतील खांद्यांवर बसणारी हान्स नामक पट्टी, जी २००३ पासून फॉर्म्युला वनमध्ये सक्तीची आहे, ही सर्व या पंथाची देणगी. कवटी फुटण्यापासून मान वाचवू शकत नाही. ते काम शिरस्त्राणाचेच आहे. म्हणून मान मजबूत आहे या भरवशावर दुचाकीवर बोडक्या डोक्याने बसणारा पैलवान स्वतःलाच फसवतो आहे, हे या पुस्तकात ठिकठिकाणी सांगितले आहे, आणि ते पुनःपुन्हा सांगावे लागले तरी मला त्यात द्विरुक्ती वाटत नाही.

निसर्गाकडे पाहूनही या विषयाचे आकलन वाढते, पण तेथे पाय जपून टाकावा लागतो. बैलाच्या मानेमागे कवटीपासून वशिंडाखालच्या मणक्यांपर्यंत ताणलेला जाड बंध असतो, त्यावर त्याचे जड डोके जणू टांगलेले असते. आणि टक्कर घेण्यापूर्वी तो मान खाली घालून, खांदे मागे रोवून जी ठेवण घेतो ती आगाऊ तयारीच होय. सुतारपक्ष्याविषयी मात्र आपण बराच काळ चुकीचे शिकत आलो. त्याच्या कवटीत धक्का शोषून घेणारी गादी असते, ही समजूत शालेय पुस्तकांपर्यंत पोचली होती. अँटवर्प विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या २०२२ सालच्या संशोधनाने दाखवले की त्याची कवटी धक्का शोषत नाही, ती ताठ हातोड्यासारखी वागते, आणि त्याचा मेंदू वाचतो तो मुख्यतः लहान आकारामुळे. निसर्गातील एखादे उदाहरण सुंदर दिसले म्हणून ते खरे मानू नये, एवढा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

तोच विवेक आपल्या परिसरातील समजुतींनाही लावला पाहिजे. डोक्यावर ओझे वाहणाऱ्याची मान लोखंडासारखी होते, त्याला पडझडीची भीती नाही, असे सर्रास म्हटले जाते. ओझ्याचा दाब सरळ वरून खाली, संथपणे येतो. अपघाताचा हिसका आडवा आणि अवचित येतो. पहिल्याची सवय दुसऱ्याच्या वेळी पुरती उपयोगी पडत नाही, आणि वर्षानुवर्षांच्या ओझ्याने मणक्यांची झीज होते ती निराळीच. १९६९ च्या माथाडी कायद्याने या श्रमिकांच्या नोकरीला आणि कल्याणाला संरक्षण दिले. त्यांच्या मानेकडे आरोग्याच्या दृष्टीने पाहण्याचे काम अद्याप बाकी आहे.

याहून गंभीर समजूत म्हणजे मजबूत मान कोणत्याही ठेवणीत सुरक्षित असते ही. मान किंचित पुढे झुकली की तिचा नैसर्गिक बाक नाहीसा होतो, सातही मणके एका सरळ खांबासारखे रांगेत येतात, आणि माथ्यावर समोरून बसलेला धक्का स्नायूंना बगल देऊन थेट मणक्यांवर जातो. अमेरिकी फुटबॉलमध्ये डोके भाल्यासारखे पुढे करून अंगावर जाण्यास १९७६ साली बंदी झाली आणि मान मोडून सर्वांगाचा पक्षाघात होणाऱ्या खेळाडूंची संख्या झपाट्याने उतरली; तेथे कोणाची मान मजबूत करण्यात आली नव्हती, फक्त डोक्याची ठेवण बदलली होती. कबड्डीत चढाईपटूच्या पायांत डोके घालणारा पकडीचा खेळाडू, आणि वैशाखात पाणी तळाला गेलेल्या विहिरीत सूर मारणारा मुलगा, हे दोघे नेमकी हीच चूक करतात. २०१८ साली कोल्हापूर जिल्ह्यातील एका गावजत्रेच्या आखाड्यात मानेला दुखापत होऊन एक उमदा तरुण पैलवान प्राणास मुकला. त्याची मान दुबळी होती असे कोण म्हणेल?

हा विषय आजच का मांडावा, याचे उत्तर रस्त्यावर आहे. नाशिक-पुणे महामार्ग मंचर आणि नारायणगाव यांच्यामधून जातो, आळेफाट्याला त्याला माळशेजकडून आलेला रस्ता छेदतो. गळिताच्या हंगामात त्याच रस्त्यांवरून उसाच्या ट्रॉल्या अंधारात चाललेल्या असतात. सायंकाळी आळेफाट्यावर उभे राहावे. दुचाकीवर पुढे बाप, मागे आई, आणि दोघांच्यामध्ये झोपी गेलेले चार वर्षांचे मूल. गाडी गतिरोधकावरून जाते आणि मुलाचे डोके प्रत्येक वेळी पुढे पडते, मागे जाते, आईच्या छातीवर आपटते. नवजात अर्भकाचे डोके त्याच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्याइतके असते, प्रौढाचे सुमारे आठव्या हिश्श्याइतके. चार वर्षांचे मूल या दोहोंच्या मधले, डोके मोठे आणि मान काडीसारखी. त्यातून ते झोपलेले, म्हणजे जासूद आणि फौज दोन्ही रजेवर. शास्त्राची सारी प्रमेये त्या एका मुलाच्या मानेवर येऊन थांबतात.

या मुलखात मानेची धास्ती आणखी एका कारणाने घरोघर पोचली आहे. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात. उसात बिबट्याची पिढी वाढली आहे, आणि बिबट्या धरतो तो मान. २०२५ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील पिंपरखेडची माणसे गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागली, ही बातमी महाराष्ट्राने वाचली. धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यातील पट्टा माणसाच्या गळ्यात आला, यातील व्यथा मोठी आहे. बिबट्याच्या दातांपुढे स्नायूंचा इलाज चालत नाही, आणि हे पुस्तक तसा दावा करीत नाही. मात्र वाकून काम करणाऱ्याने अधूनमधून उभे राहावे, मागे पाहावे, कान जागे ठेवावेत, हा वनखात्याचा सल्ला आणि वस्तादांनी त्या मुलाला दिलेला धडा, यांचे मूळ एकच आहे.

हे पुस्तक काय करू पाहते, ते आता थोडक्यात सांगतो. ते वैद्यकाचा पाठ्यग्रंथ नाही आणि पैलवानकीची पोथीही नाही. तालमीतील अनुभव आणि प्रयोगशाळेतील मोजमाप यांना एका चावडीवर समोरासमोर बसवून, दोघांची कैफियत ऐकून, जेथे त्यांचे एकमत होते तेथे ते नोंदावे, आणि जेथे होत नाही तेथे ओढून ताणून जमवू नये, अशी ग्रंथकारांची भूमिका आहे. लिहिताना त्यांनी चार माणसे डोळ्यांपुढे ठेवली: तालमीचा वस्ताद, शाळेचा क्रीडाशिक्षक, बाजारातील मुकादम आणि दुचाकी चालवणारा बाप. भाषा या चौघांना कळेल अशी आहे. व्यायाम सांगितले आहेत ते हाताचा तळवा, पंचा आणि भिंत यांच्या पलीकडे साधन न लागणारे, आणि कपाळावर सारा देह तोलण्यासारखे प्रकार अननुभवी मुलांसाठी मुद्दाम वगळले आहेत.

त्यांचा एक आग्रह मला विशेष मोलाचा वाटतो. मान सुरक्षित राखण्याची विद्या जितकी आघाताआधीची, तितकीच आघातानंतरच्या पहिल्या घटकेची आहे. आपल्याकडे पडलेल्या खेळाडूला चौघे बखोटीला धरून उठवतात, कोणी जाणता म्हणून पुढे येतो आणि मानेला हिसका देऊन ती ‘बसवतो’, आणि दोन घोट पाणी पाजून गडी पुन्हा मैदानात सोडला जातो. तरुणपणी एका गावच्या मैदानावर मीही असा पुन्हा उतरलो होतो. त्या सामन्याचा उत्तरार्ध मला आजही आठवत नाही. कित्येक वर्षे मी हे अभिमानाने सांगत असे. ती हकिकत अभिमानाची नव्हती, सुदैवाची होती, हे मला या पुस्तकाचे हस्तलिखित वाचताना उमगले.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. हे पुस्तक वाचून कपाटात ठेवू नका. आपल्या गावच्या तालमीत आणि शाळेत एकेक प्रत पोचवा. मुलांना विहिरीत डोके पुढे करून उडी घेऊ देऊ नका. दुचाकीवर मूल पेंगू लागले तर गाडी बाजूला घ्या आणि ते पुरते जागे झाल्याशिवाय पुढे निघू नका. मैदानात ज्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, त्याला त्या दिवशी पुन्हा उतरवू नका. ज्याची मान दुखते आहे आणि हातपाय बधिर झाले आहेत, त्याला हलवू नका. डोके दोन्ही हातांनी आहे तसे स्थिर धरा आणि १०८ ला फोन करा.